डिपरची तार

मिस्सा संपल्यावर पापडीच्या चर्चच्या आवारात कुणाशी नवी ओळख झाली, की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला प्रश्न येतोच, "तुम्ही नोकरीत काय करत होतात?" मी सांगते, "सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळेत होते." समोरच्या बाईचे डोळे मोठे होतात. तिला रक्ताचे डाग आणि विषाच्या बाटल्या दिसू लागतात. मग मी खरं काय ते सांगते. माझ्या टेबलावर तीसेक वर्षं मुख्यतः अपघातातल्या गाड्यांचे फुटके बल्ब आले. एवढं ऐकलं की तिचा उत्साह मावळतो आणि ती केळफुलाच्या भाजीवर बोलायला लागते.

तिचं चुकत नाही. बल्बात बघण्यासारखं काय असणार, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

अपघात झाला की दोन्हीकडचे लोक हमखास एका गोष्टीवर भांडतात. एक म्हणतो, त्याचा लाइट बंद होता. दुसरा म्हणतो, चालू होता. पाहणारा तिसरा बहुतेक वेळा नसतो. असलाच तर तो आवाज ऐकून मागे वळलेला असतो. तोवर काच रस्त्यावर पडलेली असते. बटणावरूनही कळत नाही, कारण पडलेली गाडी उचलताना कुणीतरी भला माणूस चावी, बटणं, सगळं बंद करून टाकतो. अशा वेळी पोलीस गाडीचा बल्ब काढून, सील करून आमच्याकडे पाठवत. आम्ही सांगायचं, धडक बसली त्या क्षणी हा पेटलेला होता की विझलेला.

हे कसं कळतं, हे मला आमच्या देवधर सरांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. विचारलं, "मार्था, चिक्की केली आहेस कधी?"

"केली आहे, सर."

"पाक गरम असताना ओढलास तर?"

"तार येते. लांबते."

"आणि थंड झाल्यावर?"

"कटकन तुटतो."

"झालं. जा आता, काम कर."

खरोखर एवढंच आहे ते. बल्बाच्या आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक तार असते. पेटलेली असेल तर ती तापून मऊ झालेली असते. धडक बसली की ती ताणली जाते, तिचे वेढे वेडेवाकडे होतात. विझलेली असेल तर ती ताठ असते आणि तुटलीच तर स्वच्छ, चकचकीत तुटते. धडकेत काचही फुटली तर आणखी सोपं. आत हवा शिरते आणि तापलेली तार जळते. तिचा रंग जातो, तिच्यावर पिवळट पांढरी भुकटी धरते. थंड तारेला यातलं काही होत नाही. ती जशी कारखान्यातून आली तशीच चमकत राहते.

अर्थात ही विद्या आता मागे पडत चालली. नव्या गाड्यांच्या दिव्यांत तारच नसते. नव्या दुचाकींचा लाइट तर गाडी सुरू केली की आपोआप लागतो. माझ्या जागी आलेली मुलगी चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासते आणि माझ्यापेक्षा लवकर घरी जाते. मला तिचा हेवा वाटतो, आणि थोडी कीवही येते. तापलेली तार तिला कधी दिसणार नाही.

आमच्याकडे पक्षकारांनी यायचं नसतं, तरी येत. एकदा एक टेम्पोमालक थेट टेबलापाशी पोचला आणि खिशातून बल्ब काढून म्हणाला, "मॅडम, पोलिसांनी नेला तो चुकीचा. खरा हा आहे." मी पाहिला. बल्ब ठणठणीत होता आणि त्याच्या बुडाला दुकानातली कागदी चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. मी म्हटलं, "अपघातात चिठ्ठीसुद्धा फाटली नाही हो." तो म्हणाला, "गाडी मी फार जपतो." त्याला चहा पाजून परत पाठवला.

पण सगळेच असे हसून परत गेले नाहीत. एक माणूस अजून डोळ्यांपुढे येतो. त्याचा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळला आणि वारला. ट्रकचा मागचा दिवा चालू होता का, एवढाच प्रश्न होता. बल्ब माझ्याकडे आला तेव्हा त्याची तार पार जळून गेलेली. चौकशी केली तर कळलं, की कुणा शिपायाने चांगल्या हेतूनं त्या तडकलेल्या बल्बाला बॅटरी लावून पाहिली होती, चालतोय का म्हणून. काच तडकलेली, तार पेटली आणि तिथेच जळली. आता ती अपघातात जळली की पोलीस ठाण्यात, हे सांगणार कसं? मी इंग्रजी अहवालात लिहिलं, "निश्चित मत देता येत नाही."

काही दिवसांनी तो थोरला भाऊ प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा दिसला. म्हणाला, "मॅडम, ते इंग्रजी मी वाचून घेतलं. म्हणजे लाइट होता की नव्हता?"

"सांगता येत नाही."

"तुम्हाला येत नाही, की कुणालाच येत नाही?"

"कुणालाच नाही."

"मग आता मी कुणाला विचारू?"

तो थोडा वेळ थांबला आणि गेला. त्यानंतर मी हट्टानं पोलीस ठाण्यांमधून फिरायला लागले. जमलेल्या शिपायांना सांगायची, बल्ब लावून बघू नका. होल्डरसकट काढा, कापसात ठेवा, डबीत घाला. काही जण जांभया देत. वसई भागातले तरे हवालदार मात्र वहीत लिहून घेत होते. त्यांनी ते नुसतं लिहून ठेवलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. आता सांगते ती हकीगत त्यांच्यामुळेच सांगता येते.

मी निवृत्त होण्याच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. एका सकाळी तरे हवालदारांनी पेढ्याच्या खोक्यात, कापसाच्या गादीवर ठेवून पाठवलेला स्कूटरचा बल्ब माझ्यापुढे आला. कागद वाचले आणि थबकले. अपघात गिरीजहून सांडोरकडे येणाऱ्या रस्त्यावरचा होता. माझ्या घरापासून फार तर दोन-तीन किलोमीटर. मी निवृत्तीला आलेल्या देवधर सरांकडे गेले.

"सर, हे माझ्या गावाशेजारचं आहे."

"माणसं ओळखीची?"

"नाहीत."

"मग बल्बाची ओळख करून घे. आणि तुझं झालं की दुसऱ्या कुणाकडून वेगळं तपासून घेऊ."

कागदांत होतं ते असं. सांडोरचा विलास, केळी आणि भाजीची वाडी करणारा. त्याची बायको सरिता, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघं विलासच्या बहिणीकडे, गिरीजला बारशाला गेले होते. कोयत्यानं विलासचा उजवा हात कापला होता आणि हाताला पट्टी होती, म्हणून स्कूटर सरिता चालवत होती. ती दोन-तीन महिन्यांपूर्वीच शिकली होती. परतताना दिवेलागणीच्या सुमारास वळणावर समोरून आलेल्या टेम्पोनं त्यांना उडवलं. विलास जागच्या जागी गेला. सरिता वाचली, पण डोक्याला मार लागला होता. तिला नणंदेच्या घरचं फाटक आठवत होतं आणि त्यानंतर थेट दवाखान्याचं छत. मधलं सगळं पुसलं गेलेलं.

टेम्पोचालक नीलेश पहिल्यापासून एकच सांगत होता, "समोर लाइट नव्हताच. असता तर मी दिला नसता का साइड?" आणि पंचनाम्यात लिहिलेलं होतं, स्कूटरच्या लाइटचं बटण बंद स्थितीत.

विलासची आई, हिराबाई, तेवढी सुनेच्या बाजूनं बोलली होती. ती त्या दिवशी लेकीकडेच राहिली होती. तिच्या जबाबात होतं, "मी फाटकापर्यंत सोडायला गेले होते. सुनेने गाडीचा दिवा लावला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

त्या रविवारी चर्चबाहेर बायकांमध्ये हाच विषय निघाला. आमच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत, बातमी लपत नाही. "नवीन शिकलेली. लाइट लावायचं राहिलंच असणार," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "नवऱ्याला स्वतःच्या हातानं..." आणि पुढचं बोलली नाही. बल्ब माझ्याच टेबलावर, म्हणून मी बोलू शकत नव्हते. छत्री उघडून घरी आले. वर ना ऊन होतं ना पाऊस, हे छत्री मिटताना लक्षात आलं.

सोमवारी बल्ब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काच फुटलेली होती, पण विचित्र रीतीनं अर्धी शाबूत. आत दोन तारा. एक लांबच्या उजेडाची, एक जवळच्या उजेडाची, म्हणजे ज्याला सगळे डिपर म्हणतात ती. लांबच्या उजेडाची तार चांदीसारखी लखलखीत. तिच्यावर शेजारच्या तारेचा थोडा पांढरा धूर बसला होता, तेवढाच. डिपरची तार मात्र काळीनिळी पडलेली, ताणलेली, पिवळट भुकटीनं माखलेली.

दिवा लागलेला होता.

मी खुर्चीत मागे टेकले. मग वाटलं, थांब. बटण बंद सापडलंय. उद्या कोर्टात विचारतील की ही तार नंतर कुणी जाळली कशावरून नाही? मी भिंग आणखी मोठं केलं आणि तारेच्या एकेका वेढ्यावरून सरकत गेले. सातव्या की आठव्या वेढ्यावर मला ते दिसले. काचेचे थेंब. डोळ्यांना कधी दिसणार नाहीत इतके बारीक, गोल, पारदर्शक. तारेला चिकटलेले.

काच फुटते तेव्हा तिची धूळ उडते. त्या क्षणी तार तापलेली असेल, तरच ती धूळ तारेवर पडून वितळते आणि चिकटून बसते. तार थंड असेल तर नुसती घरंगळून जाते. म्हणजे काच फुटली त्या क्षणी डिपर पेटलेला होता. दुसऱ्या सहकाऱ्यानंही वेगळं तपासून तेच लिहिलं. मी अहवाल पूर्ण केला आणि सही केली.

साक्षीला बोलावणं यायला दोन वर्षं लागली. वसईच्या कोर्टात मी उभी राहिले, तेव्हा सरिता मागच्या बाकावर बसली होती. तिची साक्ष आधीच झाली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. सुती साडी, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. हिराबाईंची साक्ष व्हायची होती, म्हणून त्यांना बाहेर बसवलं होतं.

नीलेशचे वकील शांत, सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, स्कूटर बरेच दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. बल्ब काढण्याआधी कुणी लाइट लावून पाहिला असेल, तर तार अशीच जळेल?"

"हो. अशीच जळेल."

कोर्टात हालचाल झाली. मागच्या बाकावर सरितानं मान खाली घातलेली मला दिसली.

"मग तुमच्या अहवालात उरलं काय?"

"काच उरली," मी म्हटलं. "नंतर लाइट लावला तर तार जळेल, पण तिच्यावर काच वितळून बसणार नाही. फुटलेल्या काचेची धूळ तोवर कधीच खाली पडून गेलेली असते. ती उडत असतानाच तार गरम असावी लागते. हा फोटो बघा."

फोटो न्यायाधीशांकडे गेला. त्यांनी चष्मा काढून तो जवळ धरला. "हे गोल गोल?"

"हो, सर. ते काचेचे थेंब."

"आणि तुम्ही लिहिलंय, डिपर. म्हणजे समोरून गाडी येतेय म्हणून उजेड खाली केलेला होता?"

"डिपरची तार पेटलेली होती, दुसरी नव्हती. एवढं मी सांगू शकते."

मी सहज पाहिलं, तर नीलेश कठड्याच्या गजांना धरून खाली बघत होता. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. त्याला दिवा दिसला नव्हता, हे खरंच असणार. पुढे त्यानं स्वतःच कबूल केलं, की वळणावर तो शेजारच्या सीटवरून घसरलेला फोन उचलायला वाकला होता. त्याला शिक्षा झाली. ऐकून मला आनंद झाला नाही. त्याची बायको रोज डबा घेऊन कोर्टात येऊन बसायची, तीही सरिताच्याच वयाची होती.

पण हे पुढचं. त्या दिवशी माझी साक्ष संपली, आणि सरकारी वकील बाहेर जाऊन हिराबाईंना म्हणाले, "आजी, आता तुमच्या साक्षीची गरज नाही. घरी जा निवांत."

मी आवारातल्या झाडाखाली रिक्षाची वाट बघत होते. हिराबाई हळूहळू चालत माझ्यापाशी आल्या. त्यांचं माहेर मिठागरांकडचं, इतकी वर्षं सांडोरला काढूनही जिभेवरची ती बोली गेली नव्हती.

"बाई, तूच ना ती दिव्याची?"

"हो, मावशी."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग माझ्या मनगटाला धरून म्हणाल्या, "मी फाटकापर्यंत गेलेच नव्हते. बाळाला मांडीवर घेऊन आत बसलेले. दिवा मी पाह्यलाच नाय."

मी विचारलं, "जबाबात का सांगितलंत तसं?"

"पोर दवाखान्यात शुद्धीवर आली. विलास गेला, ते तिला सांगितलं. रडली नाय. एवढंच विचारलंन, आई, मी दिवा लावला होता का? मी म्हटलं, लावलास. मी बघितला ना. मंग पोलीस आले. तिला एक सांगितलं नि पोलिसांना दुसरं, असं कसं करनार? त्यांनापन तेच सांगितलं." त्या दम घ्यायला थांबल्या. "दोन वर्षं झाली बाई. ती माझ्या शब्दावर जेवते, शाळेत जाते. नि मी देवापुढं बसले की मनात येतं, आपन हिला खोट्यावर जगवतोय. उलटं निघालं तर? माझाच पोरगा गेला, नि मला हिचीच काळजी. म्हनून विचारते. खरंच होता ना दिवा?"

"होता, मावशी."

"तू पाह्यलास?"

"पाहिला. माझ्या डोळ्यांनी पाहिला."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. रडल्याही नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, जड पाटी डोक्यावरून उतरवलेल्या बाईसारख्या, मान थोडी वर करून.

तेवढ्यात सरिता आली. तिनं सासूच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं, आभार मानेल. तिनं विचारलं, "मॅडम, आत तुम्ही डिपर म्हणालात. डिपरच होता? नक्की?"

"नक्की."

ती झाडाच्या पारावर बसली. मग म्हणाली, "मी लांबच्या उजेडावरच चालवायची, मला डिपर द्यायची सवयच नव्हती. गाडी शिकताना हे त्यावरून रोज ओरडायचे. मागे बसले की खांद्यावर टपली मारायचे, 'अगं डिपर दे, त्याच्या डोळ्यात जातंय.' त्यांनी सांगितल्याशिवाय माझा अंगठा कधीच त्या बटणावर गेला नाही. एकदाही नाही."

ती काय म्हणतेय ते माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

"म्हणजे ते बोलले होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, फाटकातून निघालो आणि संपलं. मधलं काहीच नाही माझ्याकडे. पण ते बोलले होते माझ्याशी."

तीस वर्षं मी तारेत दिसेल तेवढंच लिहीत आले. कुणी काय बोललं, हे तारेत दिसत नाही, आणि मला कुणी शपथेवर विचारलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं. पण तिथे मला कुणी शपथेवर विचारत नव्हतं. मी तिच्या शेजारी पारावर बसले आणि म्हटलं, "बोलले असणार."

हिराबाईंना कमी ऐकू येत होतं. त्यांनी वाकून सुनेला विचारलं, "काय म्हनाला गं तो?"

सरितानं डोळे पुसले. "डिपर दे म्हणाले, आई."

हिराबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग? दिलास ना?"

"दिला," सरिता म्हणाली. "दिला, आई."